आठ वाट्यांचं इंजिन

माणिकराव पागनीसांना काळजी करायची सवय होती. कुणाला पानतंबाखूची असते, कुणाला तपकिरीची, तशी त्यांना काळजीची. उज्जैनच्या मोटारस्टँडवर ते बसगाड्यांचे मिस्त्री होते. गाडी दुरुस्त करून सोडली, की धूळ खाली बसेपर्यंत त्या रस्त्याकडे बघत उभे राहायचे. मग चहा प्यायला जायचे आणि अर्ध्या कपावर आठवायचं, की मागच्या चाकाचा नट आवळला की नाही. संध्याकाळी घरी आले तरी तो नट डोक्यातच असायचा.

"अहो, ती बस देवासला जाऊन परतसुद्धा आली," त्यांची बायको अंबिका म्हणायची. "डायव्हर घरी जाऊन जेवला असेल. तुम्ही पण जेवा."

माणिकराव जेवायचे, पण घास गिळताना नटाचा विचार करायचे.

पागनीसांच्या घराण्याने शिंदेशाहीत आधी घोडे सांभाळले. माणिकरावांचे वडील एका सरदारांच्या बग्गीवर होते, आणि बग्गी जाऊन मोटार आली तेव्हा माणिकराव त्या मोटारीवर आले. आठ सिलिंडरची, गडद हिरवी, उघड्या टपाची अमेरिकन मोटार. बॉनेट एवढं लांब, की गाडी कोपऱ्यावर आधी येई आणि माणसं नंतर. स्वातंत्र्य आलं, संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पाठोपाठ सरदारसाहेब गेले, मग जहागीरही गेली. फ्रीगंज वस्तीच्या पलीकडल्या कोठीत सरदारसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आईसाहेब, तेवढ्या उरल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. नोकरचाकर एकेक करून पांगले. माणिकरावांनीही स्टँडवर नोकरी धरली, पण रविवारी सकाळी कोठीच्या शेडमध्ये जाऊन मोटार पुसायची, हे काही त्यांनी सोडलं नाही. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

ही मोटार वर्षातून एकदाच बाहेर पडायची, दसऱ्याला. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा, आणि दसऱ्याला देवास रोडच्या नाक्यापलीकडे सीमोल्लंघन. तिथे शमीचं झाड होतं, तिथे पूजा करायची, सोनं लुटायचं आणि परत यायचं. पूर्वी हा मान सरदारसाहेबांचा. ते गेल्यावर आईसाहेबांनी तो कुणाला न विचारता स्वतःकडे घेतला. विधवा बाईने शस्त्रं पुजावीत का, यावर नातलगांत बरीच कुजबुज झाली. पण आईसाहेबांच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची होणार?

ती संधी मोटारीने दिली. मागल्या दसऱ्याला, नाक्याच्या अलीकडच्या चढावर, भर गर्दीत इंजिनाने दोनचार उसासे टाकले आणि ते बंद पडलं. माणिकराव हँडल मारून मारून घामाघूम झाले. लोकांनी गाडी ढकलली. पोरं टाळ्या पिटत मागे धावली. तेव्हा नातलगांपैकी एक बाई पुरेशा मोठ्याने म्हणाल्या, "बघा. पूजा कुणाच्या हातची, त्यावर असतं सगळं."

आईसाहेब गाडीतून उतरल्या, पदर सारखा केला आणि पायी घरी गेल्या. त्या वाक्याला उत्तर माणिकरावांकडे होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, तीन वर्षं ते ठिगळं लावून वेळ मारून नेत होते, दोष त्यांचा होता. काळे हात घेऊन ते तिथेच उभे होते, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. आपली चूक एका बाईच्या कपाळी लागली, हे त्यांच्या मनातून वर्षभर जाईना. नटाची काळजी निदान बस परत आली की मिटायची. हिला मिटायला जागाच नव्हती.

आता हे शेवटचं वर्ष आलं. राज्यांची पुनर्रचना ठरली. मध्यभारत दिवाळीच्या तोंडावर संपणार, राजधानी भोपाळला जाणार. आईसाहेबांचे पुतणे विलासराव सचिवालयात होते, त्यांची भोपाळला बदली निघाली. म्हातारपणी एकटं ठेवायचं नाही म्हणून ते आईसाहेबांनाही नेणार होते. सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात मोटारीला जागा कुठली? ती इंदूरच्या एका गिऱ्हाइकाला द्यायचं ठरलं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी आईसाहेब शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माणिक, यंदाचा दसरा शेवटचा."

"हो आईसाहेब."

"गाडी नीट कर."

"करतो. रिंगा बदलतो, व्हॉल्व्ह घासतो. यंदा बंद पडणार नाही, मी…"

"तसं नाही म्हणत मी," आईसाहेब म्हणाल्या. "मिरवणुकीत ही गाडी नेहमी बैलाच्या चालीने चालली. त्याआधी आम्ही पडद्यात. सत्तरी उलटून गेली माझी, पण ही पळते कशी ते मी पाहिलेलं नाही. नुसती चालायला नको, पळायला हवी. असं पळव, की मागून कुणी काही बोललं तर मला ऐकू येऊ नये."

माणिकरावांनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं. "हो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरातल्या आठ वाट्या स्वयंपाकघरातून गेल्या. माणिकरावांनी त्या ओसरीवर दोन तिरप्या रांगांत मांडल्या, चार इकडे, चार तिकडे. हे त्यांचं इंजिन. कागदावर त्यांना काही सुचत नसे. स्टँडवरून आले की या वाट्यांपुढे मांडी घालून बसायचं. सिलिंडर किती मोठे कोरायचे? जास्त कोरले तर भिंत पातळ होईल, गाडी तापेल. कमी कोरले तर जोर कसला वाढणार? वरचं हेड घासून खाली बसवलं तर दाब वाढेल, गाडी उडी मारेल. पण आपल्याकडच्या पेट्रोलला तो दाब सोसेल का? नाही सोसला तर इंजिन आतून ठोके देईल आणि पिस्टनलाच भोक पडेल. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जुना कार्ब्युरेटर काढून मोठा बसवावा का? ते एक वाटी उचलायचे, पुन्हा ठेवायचे, सुस्कारा सोडायचे.

"आमटी काय ओंजळीत वाढू का आता?" अंबिका विचारायची.

"अगं, पाचवी वाटी जरा सरकली का?"

"मी झाडलं इथे."

"झाडू नकोस ना! फायरिंगची ऑर्डर बिघडते."

अंबिकाने कपाळाला हात लावला, आणि शेजारून द्रोण मागून आणले. महिना-दोन महिने पागनीसांकडे द्रोणात आमटी होती.

हसण्यासारखं होतं खरं, पण माणिकरावांना हसू येत नव्हतं. इंजिन उघडायचा दिवस ते पुढे पुढे ढकलत होते. न उघडलेलं इंजिन निदान इंजिन तरी असतं. उघडलं आणि जमलं नाही, तर लोखंडाचा ढीग. आणि मग दसऱ्याला आईसाहेब कशात बसणार? शेवटी बशीरभाईंनी त्यांना हलवलं. बशीरभाई एका कापडगिरणीत टर्नर होते, लोखंड कातायच्या लेथवर त्यांचा हात बसलेला होता.

"पंडितजी, कटोरियाँ कब तक घुमाओगे?" ते म्हणाले. "इंजन लाओ. जो होगा, लोहे में होगा."

माणिकराव काही पंडित नव्हते, पण बशीरभाई ज्याची काळजी वाटे त्याला पंडितजी म्हणत.

श्रावणात इंजिन उघडलं. सिलिंडर कोरले, मुंबईहून जाडे पिस्टन आले, लढाईतल्या मोडीच्या मालातून एक मोठा कार्ब्युरेटर मिळाला. हेड घासायचं ठरलं तेव्हा माणिकराव लेथपाशी उभे राहून "बस, बस" म्हणत राहिले. "अभी तो टूल लगा भी नहीं," बशीरभाई म्हणाले. पेट्रोलच्या भीतीने माणिकरावांनी मनात धरलेल्या मापापेक्षा हेड थोडं कमीच घासलं. मग, कमी घासलं म्हणून ते आठवडाभर झुरले.

नवरात्र बसलं तेव्हा इंजिन गाडीत चढलं होतं. अष्टमीला ते सुरू झालं. आवाज असा निघाला, की कोठीच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि आईसाहेब गॅलरीत आल्या. माणिकरावांनी पेचकसाची मूठ कानाला लावून इंजिनाचा एकेक भाग ऐकला. कुठे खुट नाही, कुठे खरखर नाही. फक्त नव्या कार्ब्युरेटरच्या, हवा आत घेणाऱ्या उघड्या तोंडावर जुनं झाकण बसत नव्हतं. त्यांनी नवं झाकण करायला बशीरभाईंकडे दिलं आणि तोंडावर भैरवगढच्या छापील कापडाचा तुकडा बांधला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

पागनीसांकडे आणि कोठीतही एक नेम होता. नवमीला जी हत्यारं पूजेत बसली, ती सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायची नाहीत. तलवार असो की पाना, त्या वेळात ते देव. म्हणून माणिकरावांनी सगळं काम आधी संपवलं होतं. शेडमध्ये पाटावर सरदारसाहेबांची तलवार, शेजारी ताटात पाने, पक्कड, पेचकस, हातोडी ठेवली. गाडीला झेंडूचा हार घातला आणि बॉनेट उघडलं, कारण खरा देव आत होता.

विलासराव भोपाळच्या सामानाची बांधाबांध सोडून आले होते, नातलगही होते. मागल्या वर्षीच्या त्या बाई पुढेच उभ्या होत्या. आईसाहेबांनी तलवारीची पूजा केली, हत्यारांची केली, मग त्या इंजिनाकडे वळल्या. तबक धरून उभ्या असलेल्या अंबिकाचं लक्ष त्या छापील कापडाकडे गेलं.

"अगंबाई, तोंड झाकून कशी होणार पूजा?" ती म्हणाली, आणि माणिकराव काही बोलायच्या आत तिने कापड ओढून काढलं.

कार्ब्युरेटरचं काळं तोंड आ वासून उघडं पडलं. आईसाहेबांनी तबकातून मूठभर अक्षता घेतल्या आणि हात बरोबर त्या तोंडावर नेला. चारचौघांत, मंत्र चालू असताना, देवाच्या अक्षता टाकू नका म्हणून कसं सांगायचं? आणि त्या बाईंसमोर? त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा आईसाहेब हात जोडून उभ्या होत्या. सिलिंडरच्या कडेला, कार्ब्युरेटरच्या अगदी जवळ, एक लाल तांदूळ पडलेला होता. एक बाहेर पडला, मग बाकीचे कुठे गेले?

सगळे पांगल्यावर माणिकराव इंजिनावर ओणवे झाले. आत मिट्ट काळोख. आरसा धरून पाहिलं, काही दिसेना. दुसरा कुणी मिस्त्री असता तर म्हणाला असता, तांदूळच तो, जळून जाईल. पण माणिकरावांनी हेड घासून आतली जागा आधीच चिंचोळी केली होती. एखादा दाणा व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला तर? व्हॉल्व्ह मिटणार नाही, इंजिन धक्के खाईल, आणि ते होईल नेमकं त्याच चढावर, त्याच लोकांसमोर. मग त्या बाई काय म्हणतील ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं.

चार नट सोडवले की कार्ब्युरेटर हातात आला असता. पाना समोर ताटात होता, हळदीकुंकू लावलेला, फूल वाहिलेला. माणिकरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. वडिलांनी या दिवसात चाबूकसुद्धा उचलला नव्हता. आणि देवाचा नेम मोडून गाडी चालवली आणि ती बंद पडली, तर मग पूजा कुणाच्या हातची हा प्रश्नच उरायचा नाही. दोष सरळ त्यांच्याकडे. एका परीने ते बरंच झालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. तरीही पान्याला हात लागला नाही. बशीरभाईंनी पाठवलेलं झाकण त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून बसवलं आणि आत जे असेल ते आतच राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी, आईसाहेबांना सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं असं ठरवून ते कोठीवर गेले. आईसाहेब व्हरांड्यात बांधलेल्या ट्रंकांमध्ये बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. त्यांनी माणिकरावांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काही म्हणायचं होतं का, माणिक?"

"नाही. म्हणजे… आपल्याला काही?"

"नाही."

मग माणिकराव गाडी पुसायला गेले.

दुपार कलल्यावर निघायची वेळ झाली. विलासरावांनी नव्या इंजिनाचा आवाज ऐकला आणि "मी आपला टांग्याने मागून येतो" म्हणाले. नातलगही टांग्यांत बसले. मोटारीत आईसाहेब एकट्या, मागच्या सीटवर, आणि पुढे माणिकराव. फ्रीगंजच्या गर्दीतून गाडी हळू काढताना त्यांचे कान इंजिनात अडकलेले होते. ते प्रत्येक फेरा ऐकत होते. मधेच एक फेरा हुकल्यासारखा वाटला, आणि तळहाताला असा घाम सुटला की स्टिअरिंग निसटू लागलं. आता चढ. हीच ती जागा. मागे टांग्यांची रांग, दोन्ही बाजूंना लोक. माणिकरावांनी देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला.

गाडीने चढ कधी घेतला ते त्यांना कळलंच नाही. नाका समोर आला आणि मागे पडला.

"पळव," मागून आवाज आला.

पुढे देवास रोड सरळ आणि मोकळा पडला होता, दोन्हीकडे ज्वारी. माणिकरावांनी पाय आणखी दाबला. आठही सिलिंडर एकसुरात गाऊ लागले. वारा इतका आला, की झेंडूचा हार तुटून मागे उडाला. शमीचं झाड डावीकडे दिसलं आणि गेलं. "आईसाहेब, शमी…" ते ओरडले, पण मागे काही ऐकू गेलं नाही. आरशात माणिकरावांना दिसलं, की डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय, पांढरे केस सुटून उडताहेत, आणि आईसाहेब तोंड उघडून हसताहेत. इतक्या वर्षांत त्यांनी आईसाहेबांचे दात पाहिले नव्हते.

बरंच पुढे जाऊन त्यांनी गाडी वळवली आणि शमीपाशी आणून उभी केली. टांगे अजून लांब होते, धुळीचा ठिपका तेवढा दिसत होता. इंजिन त्यांनी बंद केलं नाही. बंद केल्यावर पुन्हा चालू होईल का, ही काळजी होतीच. आईसाहेबांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या खाली उतरल्या. माणिकराव हात द्यायला पुढे झाले आणि इतका वेळ दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं.

"आईसाहेब, क्षमा करा. मला काल सांगायला हवं होतं. आपण वाहिलेल्या अक्षता इंजिनात गेल्यात. नेम मोडून पाना उचलायची माझी छाती झाली नाही. कालपासून घास उतरला नाही. आत्ताही, हे बंद पडलं तर…"

आईसाहेबांनी मान हलवली.

"अक्षता आत गेल्याच नाहीत, माणिक," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराचं टोक पुढे घेतलं. त्याला गाठ होती. ती त्यांनी दातांनी सोडवली. आत मूठभर लाल तांदूळ होते.

"हात पुढे नेला आणि तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू डोळे मिटलेस ना? मोटारीतलं मला काही कळत नाही, पण इथे काही टाकायचं नाही एवढं कळलं. मूठ उघडलीच नाही मी, एखादा दाणा निसटला असेल तेवढाच. नुसते हात जोडले." त्यांचा आवाज बारीक झाला. "सगळ्या लोकांसमोर खोटी पूजा केली. कालपासून डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, मागल्या वर्षी ती बोलली ते खोटं होतं. यंदा गाडी थांबली तर मात्र ते खरं होईल. पूजा माझ्याच हातून राहिली म्हणून थांबेल."

मागल्या वर्षी जे माणिकरावांच्या तोंडातून फुटलं नव्हतं, ते आत्ता फुटलं. "मागल्या वर्षीसुद्धा आपल्या हातामुळे नव्हती थांबली. रिंगा झिजल्या होत्या. दोष माझा होता, आणि मी तिथे गप्प उभा राहिलो."

"माहीत आहे मला," आईसाहेब म्हणाल्या. "मोटार मिस्त्री बिघडवतो, देव नाही. पण तू बोलला असतास, तर मला इतकं लांब चालावं लागलं नसतं."

धुळीचा ठिपका आता मोठा झाला होता. पुढच्या टांग्यातले चेहरे ओळखू येऊ लागले होते. आईसाहेबांनी तिकडे एकदा पाहिलं.

"खाली वाक," त्या म्हणाल्या. "पूजा पुरी करायची राहिलीय."

माणिकराव गाडीच्या बॉनेटकडे वळले, ते उघडायला. आईसाहेबांनी त्यांचा दंड धरून त्यांना आपल्याकडे फिरवलं.

"तिला नाही रे."

माणिकराव वाकले. आईसाहेबांनी मूठ त्यांच्या डोक्यावर नेली आणि उघडली. तांदूळ केसांतून कानांवर आले, सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेले, पाठीवरून खाली घरंगळले. माणिकराव तसेच वाकून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांच्या मागे इंजिन एका लयीत चालू होतं, आणि त्या वेळापुरतं ते त्यांना ऐकूही येत नव्हतं.